तिसरा भाग मेडशीत होता

लोक वाशिम जिल्ह्यात दर्शनाला जातात, सोयरिकीला जातात, बदली झाली म्हणून तोंड वाकडं करत जातात. मी गेले ती एक इंग्रज मुलगी दीडशे वर्षांपूर्वी एका चौफुलीवरून कोणत्या घोडागाडीत बसली, हे विचारायला. घरी हे कारण सांगितलं तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, तुला हवापालटाची गरज आहे." म्हटलं, तोही होईल, डिसेंबरात वऱ्हाडात झकास थंडी असते.

आता हे नीट सांगायला हवं. बँकेतून सुटका झाल्यापासून मला राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या कादंबऱ्यांचं वेड लागलं आहे. वेड हा शब्द मी मोजून वापरते आहे. बी.ए.ला असताना याच कादंबऱ्यांनी मला छळलं होतं. पहिली चाळीस पानं पाऊस आणि धुकं, मग एक पाद्री, मग मृत्युपत्र, आणि कुणीतरी सारखं बेशुद्ध पडतंय. मी गाइड पाठ करून पास झाले. आणि आता पन्नाशी उलटल्यावर त्याच जाडजूड पुस्तकांत बुडी मारली, तर काय सांगू! वाटलं, अरे, ही तर आपलीच माणसं! जमीन कुणाच्या नावावर, मुलगी कुणाला द्यायची, श्रीमंत आत्येला कोण जास्त वेळा भेटायला जातं, आणि लोक काय म्हणतील. यात इंग्लंड कुठे आहे? फक्त चहाबरोबर शेवचिवडा नाही, एवढंच. माझ्या मोबाइलवरच्या मालिका मी सोडल्या. शेजारणीला जिन्यात गाठून मी तिला एका मृत्युपत्राची कथा ऐकवली, तर ती बिचारी गॅस बंद करायचा राहिला म्हणून पळाली.

या वेडाच्या भरात कपाटाच्या तळातून दोन हिरवी पुस्तकं निघाली. कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी नांगर, जहाजाचा. भाग पहिला आणि भाग दुसरा. तिसरा नव्हता. तो कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि एकतीस वर्षं मी ते विसरल्याचं सोंग केलं होतं.

अमरावतीच्या वसतिगृहात कुसुम माझ्या खोलीत होती. किन्हीराजाची, शेतकऱ्याच्या घरातली, माझ्याहून दुप्पट हुशार. ही तीन भागांची कादंबरी आम्ही दोघींनी मिळून रद्दीच्या दुकानातून उचलली. अभ्यासात नव्हती, म्हणूनच वाचली. नाव सांगून उपयोग नाही, कुणी ऐकलेलं नाही. लेटिशिया नावाची अनाथ मुलगी, तिला नको असलेला चुलतभाऊ, हवा असलेला कॅप्टन. आणि हा कॅप्टन पहिल्या भागाच्या शेवटी कापसाच्या व्यापारासाठी कुठे जातो? बेरारात! म्हणजे वऱ्हाडात! त्या रात्री आम्ही दोघी खाटेवर उभ्या राहून ओरडलो होतो आणि रेक्टरबाई बॅटरी घेऊन आल्या होत्या.

तिसऱ्या भागाची पानं कापलेलीच नव्हती. जुन्या पुस्तकांत कागद दुमडून शिवायचे, आणि वाचणाऱ्याने सुरीने कडा कापत पुढे जायचं. आमच्या आधीच्या मालकाने दुसऱ्याच भागात हात टेकले असणार. आम्ही ठरवलं, शपथ घेऊन ठरवलं, की शेवटचा अध्याय दोघींनी मिळून कापायचा. एकटीने नाही.

दुसरा भाग संपला तो चौफुलीवर. लेटिशिया हातात एक पेटी घेऊन उभी. उत्तरेची गाडी चुलतभावाच्या घराकडे, दक्षिणेची बंदराकडे. दोन्हींच्या घुंगरांचा आवाज येतोय. समाप्त. मी दिवाळीला घरी गेले, परत आले, तर कुसुमची खाट रिकामी. वडील येऊन तिला घेऊन गेले होते, लग्न ठरलं होतं. आणि तिसरा भाग गायब.

मी लग्नाला गेले नाही. मला राग आला होता, आणि तो पुस्तकाचा आहे असं मी स्वतःला सांगितलं. लग्नानंतर तिचं कार्ड आलं, पत्ता माहेरचा, एकच ओळ. "भाग तिसरा माझ्याकडे आहे, घ्यायला ये." मी उत्तर दिलं नाही. आधी राग होता म्हणून, मग परीक्षा होती म्हणून, मग नोकरी लागली म्हणून, आणि मग इतकी वर्षं झाली की कोणत्या तोंडाने लिहू, म्हणून.

तर मी निघाले होते ते गाडीचं विचारायला, हे खरंच. पण खरा प्रश्न वेगळाच होता. कुसुम मला दारात उभं करेल की नाही?

किन्हीराजा

अकोल्याला पहाटे उतरून मी वाशिमची एस.टी. धरली. पातूर मागे पडलं की घाट लागतो, दोन्ही बाजूंना सागाची झाडं, आणि ड्रायव्हर प्रत्येक वळणावर हॉर्नने झाडांना बाजूला व्हायला सांगतो. मी खिडकीशी दुसरा भाग उघडून बसले होते. शेवटचं प्रकरण तिसऱ्यांदा वाचत होते, हसू नका.

मेडशीला गाडी थांबली. एक म्हातारी बाई उकडलेल्या तुरीच्या शेंगांची टोपली घेऊन खिडकीखाली आली. मी शेंगा घेतल्या. तिची नजर मात्र माझ्या पुस्तकावर.

"कोनती पोथी व्हय वं बाई हे?"

"गोष्टीचं पुस्तक आहे, इंग्रजी."

"किती भाग हायेत याचे?"

मला मोठी मौज वाटली. पुण्यात कुणी मला असं कधी विचारलं नव्हतं. "तीन," मी म्हटलं, "पण माझ्याकडे दोनच आहेत."

म्हातारीचा हात टोपलीवरच राहिला. "कोनते दोन?"

तेवढ्यात घंटी वाजली आणि गाडी हलली. "पहिला आणि दुसरा!" मी खिडकीतून ओरडले. त्यावर ती टोपली तिथेच टेकवून एस.टी.च्या मागे धावायला लागली. सत्तरीची बाई! हात हलवत, काहीतरी ओरडत. मी गोंधळून हात हलवला.

"तुमचं काही राह्यलं काय?" कंडक्टरने विचारलं.

"नाही हो."

"मंग ते काहून धावून राह्यली?"

सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. मी मान खाली घालून शेंगा सोलत बसले. कोवळ्या दाण्यांना मीठ असं मुरलेलं होतं की मालेगाव येईपर्यंत मी त्या म्हातारीलाही विसरले.

मालेगावला गाडी बदलून किन्हीराजाला पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. कुसुमच्या माहेरचं घर सापडायला काहीच कष्ट पडले नाहीत, कारण तिसऱ्या माणसापासून पुढे गावच मला घेऊन चाललं होतं. दारात तिची भावजय तूर पाखडत होती. सूप खाली ठेवून तिने मला आपादमस्तक पाहिलं.

"कुसुमताई इथं कोठी? त्या तं मेडशीले, सासरी. तुमी मेडशीवरूनच आल्या असान."

म्हणजे मी तिच्या दारावरून शेंगा खात पुढे आले होते.

भावजय माझ्या पिशवीकडे बघत होती. हिरवी पाठ बाहेर डोकावत होती. "तुमी नंदिनीताई तं नाई?" तिने विचारलं, आणि मी हो म्हणायच्या आत तिने तोंडाला पदर लावला. "माय वं! हिरव्या पुस्तकाच्या नंदिनीताई!"

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी नाई सांगत. त्यायच्याच तोंडून ऐका."

पुण्यात कुणाकडे जायचं तर आधी फोन, मग मेसेज, मग "येऊ ना नक्की?" असा दुसरा मेसेज, आणि एवढं करून तिथे चहा अर्धा कप. इथे मी न कळवता उगवलेली, ज्यांच्या घरचं लग्न मी चुकवलं त्यांच्याच ओसरीवर. आणि माझ्यापुढे ज्वारीची भाकर, कढी-गोळे, लाल मिरचीचा ठेचा आणि वर तेलाची धार. का आलात, हे जेवून हात धुवेपर्यंत कुणी विचारलं नाही. तो इथला रिवाजच आहे. मी चार भाकरी खाल्ल्या. पहिल्या दोन संकोचाने आणि पुढच्या दोन खऱ्या भुकेने.

"तिला फोन करू नका हं," मी विनवलं. "मला असंच जायचंय." खरं कारण असं होतं की फोनवर ती नको म्हणाली असती तर मला तिथूनच परत फिरावं लागलं असतं.

"नाई करत," भावजय म्हणाली आणि आत गेली. पाचच मिनिटांत स्वयंपाकघरातून आवाज आला, "हव, आली... हव, तेच... दोनच भाग हायेत, मी पाह्यले..."

मुक्काम तिथेच झाला. सकाळी उठले तर पिशवीतली पुस्तकं नाहीत. शोधता शोधता देवघरात सापडली, बाळकृष्णाच्या शेजारी. दोन्हींवर हळद-कुंकवाचं बोट उठलेलं, वर झेंडूचं फूल. "पुस्तक खाली ठिवू नाई," भावजय शांतपणे म्हणाली. इंग्लंडच्या त्या विस्मृतीत गेलेल्या लेखकाला एवढा मान त्याच्या हयातीत तरी मिळाला होता की नाही, कुणास ठाऊक. मी कुंकू पुसलं नाही.

मेडशी

मेडशीच्या थांब्यावर उतरले, तर समोर कालचीच म्हातारी. टोपली नाही, हातात तुटकी चप्पल.

"आल्या! तुमच्या मांगं धावता धावता चप्पल तुटली माही. चला आता."

हिचं नाव शांताबाई. ती मला कुसुमच्याच वावरात घेऊन निघाली होती, आणि कालही ती तेच सांगायला धावत होती. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की त्या काळच्या कादंबऱ्यांचा मोठा दोष म्हणजे अवास्तव योगायोग. मीही परीक्षेत तसं लिहून गुण घेतले होते. ते गुण परत करायची माझी तयारी आहे.

रस्ताभर शांताबाई बोलत होती. कुसुमच्या वावरात भाजीपाला असतो. रोज दुपारून बाया जमतात, मेथी, पालक, सांभार (म्हणजे आपली कोथिंबीर) काढतात आणि सकाळच्या बाजारासाठी जुड्या बांधतात. हात चालू असतात, आणि कुसुम पोथी सांगते.

"कोणती पोथी?" मी विचारलं, जरी मला कळून चुकलं होतं.

"लेतीबाईची. दरसाली हिवाळ्यात सांगते. आता दहा-बारा सालं झाले असतीन."

लेटिशिया! माझी लेटिशिया मेडशीत लेतीबाई होऊन बारा हिवाळे मेथीच्या जुड्यांमध्ये नांदत होती, आणि मी पुण्यात जिन्यात लोकांना पकडत हिंडत होते! मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी पाय मागे ओढत होते.

चिंचेखाली सात-आठ बाया गोल बसल्या होत्या, मध्ये हिरवे ढीग. कुसुम मला लगेच ओळखू आली. केस पांढरे झालेले, चष्म्याला दोरी, पण मान तशीच, वाचताना एका बाजूला कललेली. शेजारी पाटावर लाल फडक्यात बांधलेलं पुस्तक. सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. एकटी कुसुम तेवढी मान वर करत नव्हती.

"बस," ती म्हणाली. "जुड्या बांध."

मी बसले. एकतीस वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणीने पुढे सारलेला मेथीचा ढीग पाहून काय करायचं असतं, हे कुठल्याच कादंबरीत दिलेलं नाही. मी जुडी बांधली. कुसुमने ती उचलली, सोडली, मुळं सारखी केली आणि पुन्हा बांधली. मी दुसरी बांधली. तिने तीही सोडली. सहा झाल्या. नुसता सुतळीचा आवाज.

सातवी जुडी तिने सोडली नाही. ढिगावर टाकली आणि म्हणाली, "कायले आली?"

"पुस्तक घ्यायला."

"घ्याले आठ दिवस लागतीन असं वाटलं होतं मले." आता तिने माझ्याकडे पाहिलं. "एकतीस सालं लागली तुले, नंदे?"

"मी चुकले," म्हटलं. "कार्ड मिळालं होतं. मला लाज वाटत राहिली." आणि सात-आठ अनोळखी बायांसमोर, मेथीच्या ढिगावर, मी भोकाड पसरलं.

"अवं, मेथी खारट करतं काय!" शांताबाई ओरडली. पहिल्यांदा कुसुम हसली, तोंड फिरवून, पण हसली.

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. बेबीताई नावाच्या तरण्या बाईने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "मंग तुमाले खरंच नाई माईत, लेतीबाई कोन्त्या गाडीत बसली ते?"

"नाही! मी तेच तर विचारायला आले."

"एकातई नाई!" बेबीताईने टाळी वाजवली. "रडत बसली ना पेटीवर! दोनी गाड्या गेल्या निंगून. रडत बसल्यावर गाडी थांबते काय? येष्टी तरी थांबते काय?"

"मग?"

"मंग काय, गेली पायी. बंदरापावतर. पेटी डोक्स्यावर घेऊन."

एकतीस वर्षं मी उत्तर की दक्षिण करत होते, आणि बाईने दोन्ही गाड्या चुकवल्या होत्या! मला असं हसू फुटलं की तांब्यातलं पाणी सांडलं. पेटी डोक्यावर हे मूळ पुस्तकात असणं शक्य नव्हतं. पण कोणत्याही शहाण्या बाईने बंदरापर्यंत पेटी हातात धरून कशाला न्यावी? कुसुमने लेखकाची चूक सुधारली होती. नंतर मी ऐकलं, लेखक जिथे "प्रिय वाचका" म्हणतो तिथे ती "आयका वं बायांनो" म्हणते, आणि धुक्याची चाळीस पानं "लय धुई होती" एवढ्यात उरकते. माझ्या प्राध्यापकांना ते जमलं नसतं.

पण खरी भानगड पुढेच होती. तिसऱ्या भागात एक पत्र येतं की कॅप्टन बेरारमध्ये तापाने मेला. ते शांताबाईला मुळीच मान्य नव्हतं.

"आमच्या मुलखात आलेला मानूस उपाशीतापाशी मरते? कोनी घोटभर पानी नाई देल्लं त्याले? झूट लिवलं हाये!"

"पण मग शेवटी काय होतं?"

सगळ्या कुसुमकडे बघायला लागल्या. बेबीताई हळूच म्हणाली, "शेवट नाई झाला अजून. दरसाली तेथपावतर येते अन् थांबते. म्हन्ते, पोथीची समाप्ती झाली की लगोलग पयला अध्याय उघडा लागते, पोथी बंद राहू देऊ नाई. अन् पयला भाग तं तुमच्यापाशी. तो घेऊन तुमी येसान तवा समाप्ती."

हा नियम मला माहीत होता. आमच्या घरीही पारायण संपलं की त्याच बैठकीत पहिल्या अध्यायाच्या ओव्या म्हणत. म्हणजे बारा हिवाळे या बाया कॅप्टनच्या जिवासाठी माझी वाट बघत होत्या! किन्हीराजाच्या भावजयीने तोंडाला पदर का लावला होता, ते मला आत्ता कळलं.

"पण तू तरी वाचलास ना शेवट?" मी कुसुमला विचारलं.

तिने लाल फडकं सोडलं. हिरवं पुस्तक, सोनेरी नांगर. कडा हळदीने पिवळ्या पडलेल्या. तिने शेवटची पानं माझ्यापुढे धरली. आधीची सगळी पानं कापलेली होती, जरा वाकडीतिकडी. शेवटच्या अध्यायाची मात्र नव्हती. दुमडलेले कागद जसेच्या तसे, बंद.

"दोघींनी मिळून कापाचं ठरलं होतं ना?" कुसुम म्हणाली. "मंग?"

मी त्या पुस्तकाचा शेवट इंटरनेटवर किती वेळा शोधला होता. परदेशातल्या एका ग्रंथालयाला पत्रही टाकलं होतं. सापडला असता तर तिथेच उभ्या उभ्या वाचून मोकळी झाले असते. शपथ मला आठवतही नव्हती. आणि ही, जिचं शिक्षण सुटलं, जिला मी मनातल्या मनात चोर म्हटलं, ती पानांच्या शेजारी विळा ठेवून थांबली होती. मी तिला हे सगळं सांगितलं, ग्रंथालयाच्या पत्रासकट.

"मालूम होतं मले," ती म्हणाली. "होस्टेलातबी तूच चिटिंग कराची."

तिने मेथीचा विळा पुसून माझ्या हातात दिला. "काप."

"तू धर."

ती कागद ताणून धरायची, मी विळ्याचं टोक घालून ओढायचे. पहिलं पान मी फाडलं. "नीट!" आठजणी ओरडल्या. कापून होईपर्यंत बेबीताई घरातून शिरा करून घेऊन आली, समाप्तीला प्रसाद नको का? पहिला भाग माझ्या मांडीवर तयार ठेवला होता, कुंकू लावलेला. ऊन चिंचेतून तिरपं येत होतं. कुसुमने चष्मा सारखा केला आणि वाचायला लागली, एक परिच्छेद इंग्रजीत, स्वतःशी, मग तोच बायांना.

लेतीबाई बंदरगावात शाळा चालवते. संध्याकाळी दार वाजतं. दाढीवाला, लंगडणारा माणूस.

"कोन व्हय?" शांताबाईने माझा दंड धरला.

"थांब ना वं," कुसुम म्हणाली, पण तिचाच आवाज चढला होता. डोळे ओळीवरून पळत होते. "कॅप्टन! कॅप्टन व्हय, बायांनो! जित्ता हाये!"

काय तो गलका! मेथी उडाली. शांताबाई उठून उभी राहिली आणि तिने साऱ्या वऱ्हाडाच्या वतीने हात जोडले. "सांगतलं नव्हतं मी? सांगतलं नव्हतं?"

कुसुम पुढे वाचत गेली. कॅप्टन लेतीबाईला सांगतो की तापात सोबती त्याला मेला समजून सोडून गेले, आणि बेरारच्या एका खेड्यात कुणा भल्या बाईने महिनाभर पेज पाजून त्याला उभं केलं. ("कन्या," कुसुम म्हणाली, "ज्वारीच्या कन्या पाजल्या.") तिचं नाव मला कधीच कळलं नाही, असं तो म्हणतो, आणि मग लगेच लग्न, मुलं, बागेतले गुलाब, समाप्त.

मी टाळी वाजवणार होते. पण बाया पुन्हा मेथीकडे वळल्या होत्या.

"नाव नाई कळलं?" शांताबाई म्हणाली. "महिनाभर खाल्लं, अन् नाव नाई इचारलं?"

"पाव्हन्याची जात," बेबीताई म्हणाली.

मला आधी हसू आलं, मग नाही आलं. या कादंबऱ्यांवर मी इतकी लट्टू झाले होते की त्यांतल्या बिननावाच्या बायांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. आणि मी तरी काय वेगळं केलं होतं? काल या शांताबाईच्या शेंगा खात मी मालेगाव गाठलं, ती धावली, आणि मी तिला खुळी समजले.

"नाव होतं तिचं," शांताबाई ठामपणे म्हणाली. "माह्या आजीची आजी असन. गोदाबाई नाव होतं."

कुसुमने चष्मा वर केला, विचार केला, आणि कानामागची पेन्सिल काढून समासात नाव लिहिलं. "पुढच्या खेपीले गोदाबाईच सांगीन," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "उघड आता पयला. तू वाच."

मी पहिला भाग उघडला. पहिल्या पानावर आमच्या दोघींची नावं होती, निळ्या शाईत, तिच्या अक्षरात. मी वाचायला लागले आणि वऱ्हाडीत सांगायचा प्रयत्न केला. बाया इतक्या हसल्या की कुसुमने मध्येच पुस्तक ओढून घेतलं. धुई होती, लय धुई होती. सूर्य मावळेस्तोवर एक अध्याय झाला आणि शिऱ्याची परात रिकामी झाली.

परत

दुसऱ्या दिवशी मला सोडायला कुसुमसोबत आठहीजणी थांब्यावर आल्या. मी मनाशी ठरवलं होतं, तिन्ही भाग इथेच ठेवायचे. पुस्तक कुणाचं हे आता उघड होतं. मी दोन्ही भाग कुसुमच्या हातात दिले. तिने पहिला काखेत मारला. दुसरा सांभाराच्या दोन जुड्यांबरोबर माझ्या पिशवीत परत कोंबला.

"अगं, तुम्हाला लागेल ना हा!"

"हव. पयला संपला की लागनच," ती म्हणाली. "तिसरा ठिवून पाह्यला, एकतीस सालं लागली. आता बिचातला तुह्यापाशी ठिवून पाह्यतो. ह्या आठजनी तुले सोडतीन काय?"

शांताबाईने मान हलवली. सोडणार नव्हत्याच. ती नव्या चपला घालून आली होती, आणि गाडी सुटली तेव्हा मुद्दाम, नुसती गंमत म्हणून, दहा पावलं मागे धावली.

सांभाराची एक जुडी मी जिन्यातल्या शेजारणीला दिली आणि तिला सगळी गोष्ट पहिल्यापासून ऐकवली. या वेळी ती गॅस बंद करून आली होती. काल टपालात कार्ड आलं. मोबाइल असताना कार्ड, अक्षर तेच, ओळ एकच. "पहिला संपला. भाग दुसरा तुझ्याकडे आहे, घेऊन ये."

मी लगेच उत्तर टाकलं. पण बहुतेक माझ्या पत्राआधी मीच पोचेन.